अर्ध्या वाक्याचा फळा

मी फळा बोलतोय. कुंभकोणमला, कावेरीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत, वैद्यनाथ रावांच्या पुढच्या खोलीत दोन खिळ्यांवर टांगलेला असतो. चौतीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं अंगावर घेतली आणि पुसू दिली. स्वतःचं काही सांगायची ही पहिलीच वेळ, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

सुरुवातीलाच कबूल करतो, मी मत्सरी आहे. लाकडाला कसला मत्सर, असं तुम्ही म्हणाल. पण तुमच्या अंगावर रोज सकाळी काही चांगलं लिहिलं जावं, तासाभरात ते पुसलं जावं, आणि समोर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात एक निळी वही बसलेली असावी, जिच्यात तेच शब्द जन्मभर राहणार आहेत. मग मला विचारा.

माझा जन्म तिरुविडैमरुदूरच्या एका सुताराकडे झाला. फणसाच्या लाकडाची मी जोडलेली फळी. एका स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार व्हायचं ठरलं होतं. वैद्यनाथ राव तेव्हा सव्वीस वर्षांचे, नुकतं लग्न झालेलं. ते आले, माझ्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "हीच द्या."

"सार," सुतार म्हणाला; इकडे सरांना सार म्हणतात. "दाराचं लाकूड आहे. फळ्याला एवढं चांगलं कशाला?"

"दार उघडतं आणि मिटतं. फळा रोज घासला जातो. कोणाला चांगलं लाकूड पाहिजे, तूच सांग."

सायकलच्या मागे बांधून त्यांनी मला घरी आणलं. काळा रंग मात्र दुकानातला नव्हता. आमच्याकडे फळा काळा करायची जुनी रीत आहे. तोंडलीचा पाला आणि करवंटीचा कोळसा एकत्र वाटायचा आणि तो लगदा फडक्यानं फळीवर घोळून घोळून चोळायचा. वाळला की फळा असा काळा होतो की खडू आपणहून पुढे सरकतो. माझ्यासाठी तो पाला वाटला मीनाक्षीबाईंनी. नवी नवरी, कोपरापर्यंत हिरवी-काळी झालेली. फळा झाल्यावर माझ्या अंगावरचा पहिला हात त्यांचा. पुढे दर वर्षी नवरात्रात, सरस्वतीपूजेच्या आदल्या दिवशी, त्यांनीच मला नव्यानं काळं केलं. म्हणून तर त्या वहीचा जास्तच राग. हात माझ्यावर आधी फिरला होता.

वैद्यनाथ राव एका शाळेत इंग्रजी शिकवत. पण त्यांचं खरं काम सकाळी साडेसहाला सुरू होई, मोठ्या माणसांच्या वर्गात. दुकानदार, नर्स, बँकेच्या परीक्षेला बसलेले, परदेशी सून येणार म्हणून घाबरलेल्या सासवा. रावांचे नियम तीन. आठवड्याला एकच विशेषण, सोमवारी फळ्यावर यायचं ते शनिवारी जायचं. वाक्य स्वतःच्या घरातलं आणि खरं पाहिजे. आणि वर्ग उठताना फळ्यावर अर्धं वाक्य ठेवायचं नाही. "अर्धं वाक्य म्हणजे उघडं दार," ते म्हणत, "कोण आत येईल सांगता येत नाही."

पहिलं वाक्य नेहमी त्यांचं असे. 'टायर्ड' आलं तेव्हा त्यांनी लिहिलं, 'आय ॲम टायर्ड ऑफ ब्रिंजल, बट माय वाइफ इज नॉट.' वर्ग हसला. उंबऱ्यातून बाई म्हणाल्या, "काय लिहिलं ते मज कळतं हं." दुसऱ्या दिवशीही वांगंच होतं.

हे लोक तंजावरकडचे मराठी. बाहेर तमिळ, घरात मराठी, तीही तीनशे वर्षांपूर्वीची. वर्गात इंग्रजी. बाईंचं शिक्षण तमिळ शाळेत दहावीपर्यंत झालेलं. त्या वर्गात कधी बसल्या नाहीत. उंबऱ्यात, एका बाजूला निवडायची डाळ, मांडीवर निळी लांब वही. विद्यार्थ्यांची वाक्यं त्या उतरवून घेत नसत. फक्त नवऱ्याची. रोज एक. एक वही संपली की तशीच दुसरी. अकरा झाल्या, मला त्या सगळ्या एकच वाटतात. वर्ग संपला की राव जुन्या वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, तुकड्यानं मला पुसत, आणि त्याच वेळी बाई पदरानं वहीवरची धूळ झटकून ती विठ्ठलाच्या तसबिरीशेजारी ठेवत. तिला देवाशेजारी जागा आणि मला खिळा.

त्यांना मूल झालं नाही. त्याबद्दल माझ्यावर कधी वाक्य आलं नाही, म्हणून मीही जास्त सांगत नाही.

या वर्षी तमिळ आडी महिन्यातल्या, म्हणजे आषाढ-श्रावणातल्या, एका सोमवारी रावांनी माझ्यावर लिहिलं, 'जेलस'.

तेव्हा वर्गात तिघं उरले होते. धनलक्ष्मी ही एका दवाखान्यात नर्स, तिला परदेशातल्या नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची. गुरुमूर्तींचं पितळी दिव्यांचं दुकान. आणि शरण्या ही चोळपुरम्‌हून बसनं येणारी कॉलेजची मुलगी.

शरण्यानं पहिलंच वाक्य दिलं, "आय ॲम जेलस ऑन माय फ्रेंड."

"ऑन नाही, ऑफ," राव म्हणाले. "ही चूक इथला प्रत्येक जण करतो. तमिळमध्ये माणसाच्या वर मत्सर असतो, आमच्या मराठीतही माणसावर जळतात. इंग्रज वर चढत नाही. तो नुसता ऑफ म्हणतो आणि बाजूला उभा राहून जळतो."

गुरुमूर्तींनी छाती काढून सांगितलं, "आय ॲम नॉट जेलस ऑफ एनीबडी."

"व्याकरण बरोबर. गुण शून्य."

"का सार?"

"खोटं आहे. तुमच्या समोर नवं दुकान झालंय, त्याला काचेचा दरवाजा आहे."

"तो दरवाजा? माशी आत गेली की बाहेर येत नाही तिथे. मी कशाला जळू?"

"बघा, किती बारीक पाहिलंय."

धनलक्ष्मी हसता हसता थांबली आणि म्हणाली, "आय ॲम जेलस ऑफ माय सिस्टर-इन-लॉ. शी स्लीप्स टिल सेव्हन." रावांनी ते वाक्य माझ्यावर नीट, सावकाश लिहिलं. पूर्ण गुण दिले की ते असंच करत.

त्या आठवड्यात एक गोष्ट उलटी झाली. रावांनी स्वतःचं वाक्य आधी दिलंच नाही. रोज कोणी ना कोणी म्हणे, "सार, तुमचं?" आणि रोज ते म्हणत, "उद्या." शुक्रवारी धनलक्ष्मीनं विचारलं, "सार, तुम्हाला कोणाचा मत्सर नाही?" राव खडू बोटांत फिरवत म्हणाले, "आहे ना. म्हणूनच वेळ लागतोय."

शनिवारी ते वर्गाच्या आधीच माझ्यासमोर आले. बाहेर दुधाची सायकल गेली होती, कॉफीचा वास आत येत होता. बाई उंबऱ्यात नव्या, बाराव्या वहीच्या पहिल्या पानावर समास आखत होत्या. रावांनी लिहिलं, 'आय ॲम जेलस ऑफ'. मग खडू माझ्यावर टेकवलेला ठेवूनच ते वळले.

"मीनाक्षी, हे बघ. आजचं वाक्य बघ."

"थांबा हो, इतुकी रेघ होऊं द्या."

त्यांनी मान वर केली नाही. हे मी पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्या वहीचा तेव्हाही रागच आला. मग खडू 'ऑफ'च्या शेवटच्या अक्षरापासून खाली घसरला, एक बारीक वाकडी रेघ काढत, माझ्या चौकटीपर्यंत. राव खाली बसले, जणू विद्यार्थ्यांच्या सतरंजीवर बसतायत तसे. बाईंनी वर पाहिलं तेव्हा ते पाहत नव्हते.

पुढचे दिवस मी सांगत नाही. घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, म्हणून ते वाक्य राहिलं.

तेराव्याला कोइमतूरहून व्यंकटरमण आले. हे रावांचे धाकटे चुलतभाऊ, कॉलेजात प्राध्यापक होते, आता निवृत्त. एके काळी ती कॉलेजची जागा आधी रावांना मिळाली होती. पण बाईंची आई इथे अंथरुणाला खिळलेली, तिला हलवता येत नव्हतं, म्हणून राव गेले नाहीत आणि जागा व्यंकटरमणांना गेली. जेवणं झाल्यावर ते माझ्यासमोर उभे राहिले. वाक्य वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"वैनी, हे माझ्याबद्दल होतं."

बाई पाटावर बसल्या होत्या. "काय म्हणून?"

"आणखी कोणाबद्दल असणार? अण्णा कधी बोलला नाही. पण मी समजून होतो. मला राग नाही हो. त्याच्या जागी मी असतो तर मीही जळलो असतो."

त्यांनी हे प्रेमानंच म्हटलं. मग म्हणाले, "एकटं कोठे राहणार तुम्ही इथे? कोइमतूरला चला. खोली रिकामी आहे. दिवाळीच्या आधी न्यायला येतो."

बाई हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी वह्या काढल्या. पहिलीपासून. सकाळचं काम झालं की उंबऱ्यात बसून एकेक पान. मला वाटलं, आता नवरा नाही तर ही वहीच त्यांचा संसार झाली. माझ्यावर रावांचा हात शेवटचा फिरला, त्यांचं शेवटचं अक्षर माझ्याकडे, आणि बाई माझ्याकडे बघतही नाहीत. खोली झाडताना माझ्या खालून झाडू जाई तेव्हा त्यांची नजर जमिनीवरच. अकरा वह्या वाचून त्या परत पहिलीकडे गेल्या. मला सांगा, मी काय पाप केलं होतं?

विद्यार्थी येणं बंद झालं. फक्त धनलक्ष्मी रविवारी डोकावायची. तिची परीक्षा मार्गशीर्षात होती. ती म्हणायची, "मामी, तुम्हीच शिकवा." बाई म्हणायच्या, "मी काय शिकवणार? मी उतरवून घेणारी."

नवरात्र आलं. या घरात या वर्षी सण नव्हता. वर्ष झाल्याशिवाय करत नाहीत. इकडे नवरात्रात करतात ती बाहुल्यांची मांडणी नाही, दाराला आंब्याची पानं नाहीत. सरस्वतीपूजेच्या आदल्या दुपारी धनलक्ष्मी आणि शरण्या आल्या. शरण्याच्या हातात पिशवीभर तोंडलीचा पाला, गावाकडच्या कुंपणावरून तोडलेला.

"मामी, फळा काळा करायचाय. दर वर्षी करता ना."

"आमच्याकडे सण नाही या वर्षी."

"सण तुम्हाला नाही मामी," धनलक्ष्मी म्हणाली, "फळ्याला आहे."

शरण्या पाटा शोधायला आत वळली, आणि मी घाबरलो. तो लगदा माझ्यावर चढला की वाक्य गेलं. चौतीस वर्षांत माझ्याकडे राहिलेलं ते एकच वाक्य.

"नको," बाई म्हणाल्या. "पाला राहूं दे. फळा तसाच ठेवा."

"पण अर्धं वाक्य आहे मामी. सार ठेवू देत नसत."

"ठाऊक आहे मज." मग त्या उंबऱ्यात बसल्या आणि मला पहिल्यांदा कळलं की त्या इतके दिवस काय वाचत होत्या. "अकरा वह्या दोनदा वाचल्या. त्या कॉलेजबद्दल एक वाक्य नाही. कोइमतूरबद्दल नाही. माझी आई नऊ वर्षं अंथरुणावर होती, तेव्हाही 'हेवी' आलं, 'सिक' आलं, 'फ्री' आलं. एकात तरी असेल म्हटलं. नाही. पण हे एक वाक्य वहीत नाही ना. हे एकच अर्धं. ते म्हणाले बघ, आणि मी समास आखीत होते."

धनलक्ष्मीनं त्यांचा हात धरला. म्हणाली, "सार खोटं लिहीत नसत."

"तेच तर. खरं काय होतं, तेवढंच पाहिजे मज. ते इथे राहून सुखी होते की नाही."

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. बाईंनी केली नाही, त्या लांब बसल्या, धनलक्ष्मीनं केली. मला खिळ्यावरून उतरवून पाटावर उभं केलं, चौकटीला चंदन लावलं. आणि माझ्या पायाशी रेशमी कापडाखाली त्या अकरा वह्या. आमच्याकडे त्या दिवशी पुस्तकं पूजेत ठेवतात आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी वाचायचं नाही, लिहायचं नाही. पंचांगसुद्धा उघडत नाहीत. विजयादशमीला सकाळी पुस्तकं उचलायची आणि काहीतरी लिहूनच दिवस सुरू करायचा.

मुली गेल्या. शरण्यानं आणलेली हरभऱ्याची उसळ झाकून ठेवलेली. बाई सवयीनं उंबऱ्यात येऊन बसल्या, हात वहीकडे गेला आणि थांबला. आज वाचायचं नाही. डाळ निवडायला नव्हती. मग त्यांना बघायला फक्त मी होतो.

त्यांनी सबंध दुपार माझ्याकडे पाहिलं. आधी लांबून. मग उठून आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या, जिथे राव उभे राहत तिथेच. त्यांच्या लक्षात आलं असावं की इथून उंबरा मागे राहतो, दिसत नाही. त्या वळल्या, रावांसारख्या, आणि आपल्याच रिकाम्या जागेकडे बघितलं. मग परत माझ्याकडे. 'ऑफ'खालच्या घसरलेल्या रेघेपाशी बोट नेलं, पण लावलं नाही. मी खाली वहीकडे पाहिलं. ती झाकलेली होती. त्या दिवशी मला वाटलं, जिंकलो.

विजयादशमीला साडेसहाला तिघंही आले. गुरुमूर्ती एक छोटी पितळी समई घेऊन आले होते. बाईंनी मला परत खिळ्यांवर लावायला सांगितलं. मग रावांच्या डब्यातून एक खडू घेतला. चौतीस वर्षांत त्यांच्या हातात खडू मी पाहिला नव्हता. खडू जरा जास्त घट्ट धरला होता.

"यांचा नियम होता," त्या तमिळमध्ये तिघांना म्हणाल्या, "अर्धं वाक्य ठेवायचं नाही, आणि खोटं लिहायचं नाही. यांचं काय होतं ते मला माहीत नाही. कोणालाच कळणार नाही. व्यंकटरमणांनाही नाही. मग माझ्याकडे जे खरं आहे त्यानंच पुरं करते."

आणि 'आय ॲम जेलस ऑफ'च्या पुढे, त्यांच्या वहीतल्या गोल अक्षरात, त्यांनी लिहिलं, 'धिस ब्लॅकबोर्ड.' पूर्णविराम दिला.

शरण्यानं हळूच विचारलं, "फळ्याचा मत्सर, मामी?"

"मग? चौतीस वर्षं रोज सकाळी यांचं तोंड त्याच्याकडे आणि पाठ माझ्याकडे. मी वहीत लिहायचे ते कशाला? वर बघितलं की पाठच दिसायची, म्हणून. आणि एक दिवस वळले तर..." त्यांनी खडूची बोटं पदराला पुसली. "जाऊं दे. खरं आहे की नाही वाक्य?"

धनलक्ष्मी डोळे पुसत म्हणाली, "पूर्ण गुण."

मला काय वाटलं ते कसं सांगू? ज्या वहीवर मी इतकी वर्षं जळलो, ती माझ्यामुळे जन्मली होती. आणि ज्या बाईंनी ती मांडीवर घेतली, त्या तिथूनच माझ्याकडे पाहून जळत होत्या. राव कोणाचा मत्सर करत होते, हे मलाही माहीत नाही. पण ते वळून कोणाकडे पाहत होते, हे मी पाहिलंय. सांगता आलं असतं तर सांगितलं असतं. बाईंनी बहुधा न सांगताच ओळखलं; आदल्या दुपारी माझ्यासमोरून त्या वळल्या होत्या ना, तेव्हा.

मग त्यांनी वेष्टीचा तो जुना तुकडा घेतला. मला कळलं आता काय होणार. नको म्हणायची सोय नव्हती. वरच्या ओळीपासून त्यांनी पुसायला सुरुवात केली, रावांची अक्षरं, मग स्वतःची, आणि सगळ्यात शेवटी ती घसरलेली रेघ. तिथे हात जरा थांबला. मग तीही.

वहीत त्यांनी ते उतरवून घेतलं नाही. मी वाट पाहिली. बाराव्या वहीच्या त्या आखलेल्या पानावर आजही काही नाही. तेवढं एक वाक्य वहीकडे नाही. मला बरं वाटलं; सवय एकदम सुटत नाही.

"जेलसचा आठवडा पुरा व्हायचा राहिला होता," बाई म्हणाल्या. "गुरुमूर्ती, तुमचं खरं वाक्य अजून यायचंय."

गुरुमूर्तींनी समई खाली ठेवली. मग म्हणाले, "आय ॲम जेलस ऑफ... द ग्लास डोअर."

"लिहा. येथे, खाली नको, वर लिहा. मोठं."

त्या दुपारी तोंडलीचा पाला वाटला गेला. बाईंचे हात पुन्हा कोपरापर्यंत हिरवे-काळे झाले. पूजा होऊन गेल्यावर फळा काळा करायची रीत नाही, पण या वर्षी सगळंच उशिरा झालं. दिवाळीच्या आधी व्यंकटरमणांचा फोन आला तेव्हा मी ऐकलं. "नाही हो भावोजी," बाई म्हणाल्या, "सकाळी वर्ग असतो मज. सवड कोठे?"

आता रोज साडेसहाला पाच जण येतात. पहिलं वाक्य बाईंचं असतं. चुका असतात, धनलक्ष्मी दाखवते, बाई सुधारतात. उंबऱ्यात कोणी बसत नाही. वह्या विठ्ठलाशेजारीच आहेत. कधी कधी लिहिता लिहिता बाई मागे वळून त्या रिकाम्या उंबऱ्याकडे पाहतात, आणि तेवढा वेळ खडू माझ्यावर टेकलेला राहतो.

तुमच्या घरात कोणी म्हणालं, हे बघ, तर आधी वर बघा. रेघ नंतरही आखता येते. एवढंच मला सांगायचं होतं. आता पुसा.